पणजोबा बसऱ्याच्या लढाईत बेपत्ता झाले, मृतदेह मिळाला नाही. त्यांचं नाव कुठे कोरलेलं आहे का, आणि आम्ही स्मरण कसं करावं?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. तुमचे पणजोबा शिपाई किंवा नाईक असतील आणि मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेले असतील, तर दगडावर त्यांचं नाव बहुधा नाही. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या शिपायांचा पलटणीनिहाय फक्त आकडा लिहिला. हा भेदभाव होता, आणि राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१च्या स्वतःच्या अहवालात तो मान्य केला आहे. नाव शोधायचं ते आयोगाच्या नोंदवहीत. ती नोंदवही आता त्यांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते.

अनेकजण आधी दिल्लीला इंडिया गेटवर किंवा पुण्यात खडकीच्या युद्धसमाधीस्थळी जातात. इंडिया गेटवरची तेरा हजारांहून अधिक नावं मुख्यतः वायव्य सरहद्द आणि तिसऱ्या अफगाण युद्धातल्या मृतांची आहेत. खडकीचं १९१४-१८चं स्मारक हिंदुस्थानातच मरण पावून जुन्या दफनभूमींत पुरलेल्यांसाठी आहे. बसऱ्याला गेलेल्यांसाठी दोन्हीकडची खेप फुकट जाते.

शोधाची सुरुवात घरातल्या पदकापासून करा. पदकाच्या कडेवर (१९१४-१५च्या ताऱ्यावर मागच्या बाजूला) नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कड तिरप्या उजेडात धरून मोबाईलवर फोटो घ्या. चिंच, राख, रांगोळी यांनी घासू नका. वर्षानुवर्षं दिवाळीला घासून नंबर गेलेली पदकं पुष्कळ आहेत, आणि नंबर गेला की एकाच पलटणीतल्या चार राम कदमांतून आपला ओळखणं अवघड होतं. सुमारे १२ सेंटीमीटर व्यासाची काशाची चकती मिळाली तर ती मृतांच्या वारसांना दिलेली आहे. तिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो.

पुढचा घोटाळा पलटणीच्या नावाचा. १९२२ साली फेररचना झाली आणि जुने क्रमांक गेले. १०३ची १/५ (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण) झाली, १०५ची २/५, ११०ची ३/५, ११६ची ४/५, ११७ची ५/५ आणि ११४ची १०/५. घरी कुणी ‘जंगी पलटण’ म्हणत असेल तर पहिल्या महायुद्धासाठी १०३ शोधा, ‘काली पाँचवीं’ म्हणत असेल तर १०५. संकेतस्थळावर शोध इंग्रजीतून घ्यावा लागतो आणि तिथे ‘मराठा’ हा शब्द जुन्या धर्तीने, Mahratta असा लिहिलेला आहे. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर पदरी काही पडत नाही.

नावाचं तसंच. इंग्रज कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. पवारचं पोवार, शिंदेचं सिंदे किंवा शिंदिया, जाधवचं जाधाव. कित्येकदा अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात असतं. म्हणून मी नावाने शोधायचा सल्ला देत नाही. पलटण आणि युद्ध निवडा, सगळी यादी तक्त्याच्या रूपात उतरवून घ्या (ती सोय तिथेच आहे) आणि ‘अधिक माहिती’च्या रकान्यात गाव शोधा. तिथे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा अशी ओळ पुष्कळदा सापडते. जिल्हा मात्र त्या काळचा धरायचा: सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, रायगडला कुलाबा म्हणत, वाळवा-तासगाव साताऱ्यात होते, सावंतवाडी आणि कोल्हापूर ही संस्थानं होती. गावाचं स्पेलिंगही तीन-चार तऱ्हांनी करून पाहा.

नोंद सापडली की तारीख नीट वाचा, कारण ‘बेपत्ता’चा उलगडा बहुतेक वेळा तिथेच होतो. २२ ते २५ नोव्हेंबर १९१५ च्या आसपासची तारीख असेल तर ती बगदादजवळच्या टेसिफॉनची लढाई. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा तुर्कांनी कुत या गावाला घातलेला वेढा, आणि १०३, ११०, ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिलला शरणागती झाली. तिथून कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास अल-ऐनजवळ रेल्वेच्या कामाला जुंपलं, आणि भूक, जुलाब, तापाने माणसं वाटेत व छावणीत गेली. तेव्हा या पलटणींतल्या कुणाची तारीख शरणागतीनंतरची असेल, तर तो लढाईत नव्हे, कैदेत गेला असण्याची शक्यता धरा.

आणखी एक गैरसमज. स्मारकाच्या यादीत नाव आहे म्हणून माणूस बेपत्ताच होता असं नाही. हिंदू शिपायाला साथीदारांनी अग्नी दिला असेल तर थडगं उरत नाही, आणि आयोगाच्या हिशेबात तोही ‘ज्ञात समाधी नसलेला’च ठरतो. दुसऱ्या महायुद्धातले यशवंत घाडगे हे माणगावकडचे, ३/५ मराठाचे नाईक. जुलै १९४४ मध्ये इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तरी समाधी नाही. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. म्हणजे शौर्याचा आणि समाधीचा काही संबंध नाही.

युद्धदैनंदिन्या, म्हणजे पलटणींच्या रोजच्या नोंदी, मागवायचा मोह होईल. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या आहेत, पण त्यांत इंग्रज अधिकाऱ्यांची नावं येतात. शिपाई बहुतेक ‘इतके ठार, इतके जखमी, इतके बेपत्ता’ या आकड्यांतच. त्या दिवशी पलटण कुठे होती हे कळेल, पणजोबा सापडणार नाहीत. लाहोरला सापडलेल्या सैनिकांच्या नोंदवह्यांची बातमी वाचली असेल तर ती पंजाबची आहे, तिचा आपल्याला उपयोग नाही.

गावाकडे मात्र दोन कागद जरूर पाहा. तालुक्याच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद. त्यातून बापाचं आणि भावांचं नाव पक्कं होतं. जमीन असेल तर फेरफारही पाहा. वारसाची नोंद कोणत्या साली आणि काय कारण देऊन झाली ते त्यात असतं. जुने कागद मोडी लिपीत असले तर ती वाचणारा माणूस सोबत न्या.

आयोगाकडे नावच नसेल किंवा चूक असेल तर चौकशी अर्ज करता येतो. पहिल्या महायुद्धासाठी मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातला हवा आणि माणूस सैन्यात होता याचा त्या काळचा पुरावा हवा: पदक, चकती, पेन्शनचा कागद, पलटणीचं पत्र. ‘आजी सांगायची’ एवढ्यावर अर्ज पुढे सरकत नाही, पण कागदाला जोड म्हणून ते जरूर लिहा. एकाच अर्जात सगळी कागदपत्रं जोडा, मराठी-मोडी कागदाचा इंग्रजी तर्जुमा सोबत द्या.

बसऱ्याला जाऊन फूल वाहण्याचा बेत सध्या करू नका. स्मारक १९९७ साली मूळ जागेवरून हलवलं गेलं, ते शहरापासून सुमारे ३२ किलोमीटरवर नासिरियाच्या रस्त्याला आहे. त्याऐवजी नोंदीच्या पानावरचं स्मृतिपत्र छापून घ्या.

गावच्या चावडीत किंवा शाळेत महायुद्धाची संगमरवरी पाटी असेल, तर तिच्यावर सहसा किती गेले आणि किती मेले एवढेच आकडे असतात. नावं जोडायची असतील तर जुन्या पाटीवर कोरकाम किंवा ऑइलपेंट नको. ग्रामपंचायतीचा ठराव करून शेजारी वेगळी पाटी लावा. तिच्यावर नोंदीतलं मूळ स्पेलिंग, नंबर, जुनी पलटण आणि नोंदीतलीच तारीख घ्या. ‘वीरमरण’ लिहायचं की ‘कैदेत मृत्यू’, हे कागद सांगेल तेवढंच लिहा.