मुलगी किशोरी आमोणकरांसारखंच गायला बघते. ही प्रेरणा की नक्कल? थांबवू का?

थांबवू नका. गाऊ दे तिला.

नक्कल केल्याचा टोमणा मीही कार्यक्रमानंतर ऐकून घेतलाय. भूप राग गायले होते. पंचमावरून मींडेनं, म्हणजे सूर न तोडता घसरत, गंधारावर यायचं आणि तिथे जरा जास्तच राहायचं, ही माझी लाडकी जागा. गाणं संपल्यावर एक बुजुर्ग गायक आत आले आणि माझ्या तबलजीदेखत म्हणाले, "छान, पण ही किशोरीताईंची कॉपी झाली. तुझं स्वतःचं काय?" माझ्या आधी गायलेल्या मुलानं भीमसेनजींची तान न् तान उचलली होती, हातवाऱ्यांसकट. त्याची मात्र पाठ थोपटली, "परंपरा पुढे नेतोयस!" मुलानं उचललं की परंपरा आणि मुलीनं उचललं की कॉपी, हा कुठला न्याय? तेव्हाही तोंडावर विचारलं होतं.

किशोरीताई तरी कशा शिकल्या? आई मोगूबाई कुर्डीकर याच गुरू. माई, म्हणजे मोगूबाई, बंदिशीचे स्थायी-अंतरा हे दोन भाग दोनदा म्हणायच्या, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात जसंच्या तसं उचलायचं. शिवाय भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडून ताईंनी मींड घेतली. माईंचं गाणं लयीच्या पेचांचं, घट्ट विणीचं. ताईंनी आलाप संथ केला, एकेका सुरावर रेंगाळल्या. मग आईचं जयपूर घराणं मोडलं म्हणून बोल खाल्ले. आईसारखं गायलं तर नक्कल, वेगळं गायलं तर बंड. बाईनं गायचं तरी कसं?

आणि घ्यायचं ते काही गळ्यातलंच नसतं. आईला आयोजक कसं वागवतात, हे ताईंनी मागे तंबोऱ्यावर बसून पाहिलं होतं. पुढे त्या स्वतःच्या अटींवरच गायल्या. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणाले, म्हणोत. तंबोरे मनासारखे लागेपर्यंत मी पडदा उघडू देत नाही आणि मानधन आधी ठरवते, ते त्यांच्यामुळेच.

आता हे सगळं बायकांकडून बायकांकडेच आलं असंही नाही, मोगूबाईंचे गुरू जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब. आणि नुसत्या रेकॉर्डिंगवरून हरकती उचलता येतात, आवाज लावणं येत नाही. त्याला समोर गुरू हवाच. मुलगी गळा ताणून गात असेल तर तेवढं मात्र लगेच थांबवा.

बाकी तिला आता मोगूबाई ऐकवा. ताईंनी आईचं काय ठेवलं आणि काय सोडलं, ते तिचं तिला ऐकू येईल.