सेंट जॉर्जचा दिवस इंग्लंडमधल्या भारतीयांनी साजरा करावा का?

23 एप्रिलला, म्हणजे इंग्लंडचा संरक्षक संत मानल्या जाणाऱ्या सेंट जॉर्जच्या दिवशी, इंग्लंडमध्ये सुटी का नसते आणि इथल्या भारतीयांनी तो दिवस पाळावा का, असे आपण विचारले आहे. स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूच्या आणि उत्तर आयर्लंडला सेंट पॅट्रिकच्या दिवशी सार्वजनिक सुटी असते. इंग्लंडला नाही, कारण इंग्लंडने आपली वेगळी ओळख फार काळ ब्रिटनच्या ओळखीत मिसळून टाकली होती. 1966च्या विश्वचषकात इंग्लंडचे प्रेक्षक युनियन जॅक, म्हणजे साऱ्या ब्रिटनचा झेंडा, फडकवत होते. पांढऱ्यावर लाल क्रूस असलेला इंग्लंडचा, म्हणजे सेंट जॉर्जचा, झेंडा स्टेडियमभर दिसला तो 1996च्या युरो स्पर्धेत.

दुसऱ्या प्रश्नावरून आमच्या घरात नऊ वर्षे वाद चालू आहे. माझी मुलगी दहा वर्षांची असताना लेस्टरमधल्या तिच्या स्काउट पथकाने सेंट जॉर्ज दिनाच्या संचलनात हाच झेंडा धरायला तिला निवडले. काठी पेलण्याचा चामड्याचा पट्टा तिला सैल होत होता, म्हणून आदल्या रात्री मी त्याला एक जादा भोक पाडून दिले. संचलनात पाऊस आला आणि भिजलेले कापड काठीला चिकटून बसले. वळणावर तिने पाऊल न चुकवता काठीला हलकेच हिसका देऊन ते मोकळे केले, ते मला अजून दिसते.

दुपारी थोरले दीर जेवायला आले होते. फोटो पाहताच त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "हा झेंडा आपला नाही. ब्रिटिश म्हणवून घ्या, इंग्लिश कधीही नाही." मुलगी तिथेच बसली होती.

त्यांचे दुःख खरे आहे. 23 एप्रिल 1979 रोजी, म्हणजे नेमक्या याच दिवशी, नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाने पश्चिम लंडनमधल्या, भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या साउथॉलच्या टाउन हॉलमध्ये सभा ठेवली, तिच्या निषेधासाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि ब्लेअर पीच हे शिक्षक डोक्याला मार लागून मरण पावले. भाऊजी तेव्हा साउथॉललाच राहत होते. पण नॅशनल फ्रंटवाले मोर्चांत मिरवत ते प्रामुख्याने युनियन जॅक, आणि तो मात्र भाऊजींना चालतो. त्याच्या मधोमध असलेला लाल क्रूस सेंट जॉर्जचाच आहे.

परंपरेनुसार जॉर्ज कप्पाडोशियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, म्हणून आपणही त्याला आपला म्हणावे, असे पुष्कळ जण सुचवतात. मला हा मुद्दा पटत नाही. माझ्या मुलीचा हक्क संताच्या जन्मगावावरून ठरत नाही. ती लेस्टरमध्ये जन्मली, इथल्याच शाळेत शिकली आणि चिडली की इंग्रजीतच बोलते. ती इंग्लिश आहे, आणि मराठीही आहे.

तेव्हा आपण अवश्य साजरा करावा. मात्र 23 एप्रिल ईस्टरच्या आठवड्यात आला तर चर्च तो सण पुढे ढकलते, एवढे पाहून घ्यावे. शिवाय प्रत्येक झेंड्यामागचा हेतू सारखा नसतो. 2025च्या उन्हाळ्यात दिव्याच्या खांबांवर हे झेंडे बांधलेले दिसले, तेव्हा संध्याकाळी एकटीने चालताना मलाही धास्ती वाटली होती. तरी त्या धास्तीपायी मुलीच्या हातातला झेंडा काढून घ्यायला मी तयार नाही.

भाऊजी, आपण हे वाचत असाल तर सांगते, या वर्षी ती लहान मुलांना झेंडा धरायला शिकवते आहे. तिने आपल्याला संचलनाला बोलावले आहे, आपण यावे.