रेंडर संपेना, फेस्टिवल २० दिवसांवर

चार मिनिटांची फिल्म, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सवर (त्याचं हळू चालणारं रेंडर इंजिन) एका फ्रेमचं रेंडर, म्हणजे अंतिम चित्र, निघायला सहा मिनिटं, कॉलेजांच्या विभागीय अ‍ॅनिमेशन फेस्टिवलला एन्ट्री द्यायला उरलेत २० दिवस, तर सँपल्स (एका पिक्सेलसाठी प्रकाशाचा हिशेब किती वेळा करायचा तो आकडा, जास्त ठेवला की चित्र स्वच्छ पण वेळही जास्त) किती ठेवू असं विचारलंयस. सँपल्सचं नंतर, आधी गुणाकार कर. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर चार मिनिटांच्या झाल्या ५,७६० फ्रेम, गुणिले सहा, म्हणजे ५७६ तास. मशीन एकदाही न थांबता २४ दिवस. जमतच नाहीये रे.

म्हणून फिल्म काप. प्लेब्लास्ट (पूर्ण रेंडर न करता झटपट निघणारा कच्चा व्हिडिओ) काढ, ज्याने आधी काहीच बघितलं नाहीये अशा कुणाला तरी दाखव आणि तू स्क्रीनकडे नको, त्याच्याकडे बघत बस, जिथे त्याचा हात मोबाईलकडे जातो तिथे कात्री. सुरुवातीला कॅमेरा उगाच शहरावरून फिरवत आणायची हौस सगळ्यांना असते (मलाही होती), पण ती दहा सेकंदं म्हणजे अख्ख्या एका दिवसाचं रेंडर. अडीच मिनिटांवर आलास की ३,६०० फ्रेम, सँपल्स उतरवून डिनॉइझर (चित्रातले दाणे पुसणारं टूल) लावून फ्रेम दोन मिनिटांवर आली तर पाच दिवसांत काम होतं. ईव्ही (ब्लेंडरचंच दुसरं, झटपट रेंडर इंजिन) चालत असेल तर अजून भारी, आणि त्यात कमीपणा काही नाही, २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेली 'फ्लो' ही अ‍ॅनिमेशन फिल्म ईव्हीवरच रेंडर झालीये.

थेट एमपीफोरमध्ये रेंडर लावू नकोस, हात जोडतो. मी लावलेलं, १,९००च्या आसपास फ्रेम झाल्या आणि लाईट गेली, फाईल उघडेचना, सगळं पहिल्यापासून. पीएनजी सिक्वेन्स (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाईल) असता तर १,९०१ पासून पुढे चालू केलं असतं.

उरलेले दिवस साउंडला दे. हॉलमध्ये शॅडोतला नॉइज (चित्रातले दाणे) कुणाला दिसत नाही पण पात्र चालतंय आणि पावलांचा आवाज नाही हे शेवटच्या रांगेतल्यालाही कळतं. गाणं मात्र नेटवरून उचलू नकोस, हक्क नसतील तर एन्ट्री तिथेच बाद होऊ शकते.

आणि प्रोजेक्टर! माझ्या फिल्ममधला जिन्याखाली लपलेला पोरगा लॅपटॉपवर छान दिसायचा, डोळे चमकायचे वगैरे, हॉलमध्ये वीस सेकंद नुसता काळा पडदा आणि धाप लागल्याचा आवाज. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे प्रोजेक्टर बंद पडला!" आणि अख्खा हॉल हसला, तेही माझ्या सगळ्यात गंभीर सीनला. तेव्हा सगळं रेंडर लावायच्या आधी प्रत्येक अंधाऱ्या शॉटची एकेक फ्रेम काढ आणि कॉलेजच्या एखाद्या जुन्या प्रोजेक्टरवर टाकून बघ. तेही खिडक्यांचे पडदे न ओढता, कारण फेस्टिवलच्या हॉलचं दार दर पाच मिनिटांनी कुणीतरी उघडतंच.