माळा पाडू का? वाचकांचे प्रश्न, घराच्या दुरुस्तीची उत्तरं

प्रश्न: आमची सोसायटी पुण्यात, 1986 सालची. टू बीएचके. किचन, बेडरूम आणि बाथरूमवर सिमेंटचे माळे, भिंतीतली कपाटं, कडप्प्याचा ओटा, सगळं बिल्डरनं दिलं तसंच आहे. मुलाचं लग्न झालंय, तो म्हणतो सगळं फोडून मॉड्युलर करू, घर मोठं दिसेल. सासूबाई म्हणतात माळे काढलेत तर गौरींचं सामान काय माझ्या डोक्यावर ठेवणार? मिस्त्री म्हणतो दोन दिवसांत मोकळं करून देतो. आणि सोसायटीत रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू झालीत म्हणून ह्यांचं म्हणणं की काहीच करू नका. नक्की कुणाचं ऐकू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, आधी ह्यांचंच घेऊ, कारण बाकी सगळं त्यावर अडलंय. बोलणी चालू झाली म्हणजे बिल्डिंग उद्या पडत नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ ची प्रक्रिया, टेंडर, मीटिंगमध्ये 51 टक्के सभासदांची संमती, मग ॲग्रीमेंट, मग प्लॅन मंजुरी, यात वर्षं जातात आणि कित्येक ठिकाणी तर चहा-सामोसे होऊन विषय तिथेच बसतो. तुमची सोसायटी कुठल्या पायरीवर आहे ते मिनिट्समध्ये बघा. बिल्डर नेमला गेला असेल तर भिंतीला चिकटलेल्या कुठल्याही गोष्टीवर पैसा घालू नका, तो राडारोड्याबरोबरच जाणार. सुटं कपाट घ्या, ते भाड्याच्या घरातही येईल आणि नव्या फ्लॅटमध्येही. पण नुसती चर्चाच असेल तर तेवढ्यासाठी आणखी सात-आठ वर्षं गळक्या सिंकखाली बादली ठेवून काढायची गरज नाही.

आता माळे. मिस्त्रीला तोडायचेही पैसे मिळतात आणि नवीन करायचेही, त्यामुळे त्याचा सल्ला नेहमी तोडा असाच येतो, त्यात त्याचा फार दोष नाही. माळा दोन प्रकारचा असतो. एक दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टेकलेला, आणि दुसरा दाराच्या किंवा खिडकीच्या लिंटेलबरोबरच (चौकटीवरच्या काँक्रीटच्या आडव्या पट्टीबरोबर) ओतलेला, छज्जासारखा बाहेर आलेला. या दुसऱ्याच्या सळया लिंटेलमध्ये गेलेल्या असतात. तो काढला म्हणून बिल्डिंग पडत नाही, वजन उलट कमीच होतं, पण घण मारून काढला तर दणके थेट लिंटेलला बसतात आणि पुढच्या पावसाळ्यात दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. काढायचाच तर कटर मशीननं कापून, सळईची टोकं भिंतीलगत घासून, गंज न धरणारा कोट मारून वर पॉलिमर मॉर्टरनं बंद करायची. एवढं करणारा माणूस दोन दिवसांत मोकळं करून देत नाही.

सोसायटीचं लेखी एनओसी तर लागेलच. शिवाय तुमची बिल्डिंग तीस वर्षांच्या वरची, म्हणजे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. तो रिपोर्ट सेक्रेटरींकडे मागा आणि फोडाफोडीआधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणून दाखवा, त्याची फी ही या कामातली सगळ्यात स्वस्त गोष्ट असते. बीम, कॉलम, स्लॅब यांना तर हातच लावायचा नाही, कुणी कितीही ओळखीचं असलं तरी.

माझं मत विचाराल तर बेडरूमचा माळा काढा, किचनचा ठेवा. बेडरूममध्ये झोपल्यावर डोक्यावर तो काँक्रीटचा पट्टा येतो आणि वर बहुतेक जुन्या सुटकेसी नि फाटक्या गाद्याच असतात, एकदा शिडी लावून बघाच. किचनचा मात्र खरंच वापरात असतो. मुखवटे, मखर, मोठी पातेली, पाटा-वरवंटा, हे मॉड्युलरच्या बारा इंची वरच्या कपाटात जात नाही म्हणजे नाहीच! सासूबाईंचा मुद्दा बरोबर आहे. त्या माळ्याला खालून रंग आणि पुढून सरकती दारं लावलीत तर तो मुलाच्या डोळ्यांनाही खुपणार नाही. बाथरूमच्या माळ्यावर टाकी आहे का ते लिहिलं नाहीत. असली तर बघा, पाचशे लिटरची टाकी भरली की पाचशे किलो वजन त्या पातळ स्लॅबवर बसतं. आता पाणी पूर्ण वेळ येत असेल तर ती टाकी उतरवा, माळा राहू दे.

भिंतीतल्या कपाटांचं सोपं आहे. चौकटीत जुनं सागवान असेल तर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, टोक आत गेलं नाही तर लाकूड ठणठणीत आहे, फक्त दारं बदला. मागे ओल येते का तेही बघा, कारण नऊ इंची भिंतीत कपाट कोरलं की मागे साडेचार इंचच उरतात, आणि ती बाहेरची भिंत पावसाच्या तोंडावर असेल तर आत प्लायची पाठ मारणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. तिथे कडप्प्याच्या फळ्याच बऱ्या, आणि दाराला थोडी जाळी ठेवा म्हणजे हवा खेळेल.

ओट्याबद्दल मात्र मी सुनेच्या बाजूनं (तिनं काही विचारलेलं नाही तरी). त्या काळचे ओटे बुटके असायचे. उभं राहून कोपर वाकवा, कोपरापासून साधारण चार इंच खाली ओटा हवा. त्याहून बराच खाली असला की पोळ्या लाटताना कंबर जाते. जे कोण जास्त वेळ स्वयंपाक करणार त्याच्या मापानं करा, मग तो मुलगा का असेना. इंच-दीड इंचच वाढवायचा असेल तर आहे त्या कडप्प्यावरच मसाला टाकून ग्रॅनाइट बसवतात, तोडायची गरज नाही, आणि खालच्या उभ्या कडप्प्यांच्या मापानं ट्रॉल्याही करून मिळतात. त्याहून जास्त उंची हवी असेल तर नवाच बांधा. कडप्पा हा चुनखडीचा दगड, लिंबू-व्हिनेगर सांडलं की पांढरे डाग पडतात आणि ते पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत, ग्रॅनाइटला हा त्रास नाही. सिंकखालचा कप्पा तेवढा साध्या प्लायमध्ये करू नका, मरीन प्लाय मागा, त्यावर आयएस 710 चा शिक्का असतो, तो स्वतः बघून घ्या.

प्रश्न: हॉलमध्ये झोपाळ्याच्या चार कड्या आहेत, वडिलांनी घर बांधतानाच स्लॅबमध्ये टाकून घेतल्या होत्या. आता पीओपीचं सीलिंग करायचंय. कड्या काढल्या तर चालेल का?
– वाचक, नाशिक

उत्तर: चालेल, पण कशाला काढताय? स्लॅब भरताना सळईला बांधून टाकलेली कडी नंतर ड्रिल करून बसवलेल्या कुठल्याही हूकपेक्षा भरवशाची, ती पुन्हा तशी मिळणार नाही. सीलिंगवाल्याला आधीच सांगा, तो तेवढ्या जागी भोक सोडून वर छोटी चकती बसवून देईल. मात्र कडीच्या मुळाशी गंज आणि भोवती पोपडे आले असतील तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय झोपाळा टांगायचा नाही. काढायचीच वेळ आली तर ग्राइंडरनं स्लॅबलगत कापायची, ठोकून उपटायची नाही.

प्रश्न: चिपळूणजवळ आमचं जुनं घर आहे. लाकडी बोर्डवर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत, इतकी वर्षं काही झालं नाही. घराला रंग देताना बोर्ड तसाच ठेवावा असं वाटतं, जुन्या घराला शोभतो.
– वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: दादा, बोर्ड आवडत असेल तर भिंतीवर शोभेला ठेवा, पण त्यातून करंट जाता कामा नये. इथे मी अजिबात मध्यममार्ग सांगणार नाही. फ्यूज उडाला की घरात जो कोण असतो तो हाताला लागेल ती तार गुंडाळतो, जाड तार बसली की फ्यूज उडतच नाही आणि मग भिंतीतली वायर तापते. नवीन डीबीमध्ये (मेन स्विचच्या डब्यात) एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच घाला, तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडून करंट तोडतो. पण माणसाला शॉक लागला तर तो पडेलच असं नाही, त्यासाठी 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, वेगळा लागतो. कोकणातल्या ओल्या भिंती बघता तो हवाच. अर्थिंग मोजून घ्या, जुनी वायर ॲल्युमिनियमची असेल तर ती काढून कॉपरची टाका, आणि गिझरला 4 स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाइन. काम लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट मागा. रंगारी येण्याआधी हे सगळं उरकलं पाहिजे, नाहीतर नव्या रंगावर पुन्हा छिन्नी चालेल. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं, लाइट गेले म्हणजे तो नीट काम करतोय.