मॅडम, बॉडी एवढी फिट आहे मग कोलेस्टेरॉल खराब कसं?

हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी माझ्यापुढे येतो, आणि विचारणारा बहुतेक पंचविशीच्या आसपासचा, जिम न चुकवणारा मुलगा असतो. (ओळख कळू नये म्हणून इथले तपशील बदललेत.)

हा 26 वर्षांचा. बसल्या बसल्या खिशातून ब्लड रिपोर्ट काढला, इतक्यांदा घडी घातलेला की एचडीएलच्या ओळीवरच कागद फाटायला आलेला. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 18; एलडीएल, म्हणजे वाईट, 170 च्या वर. "मॅडम मी तळलेलं खात नाही, साखर बंद, लॅबनेच घोळ घातला असणार ना?"

मी म्हटलं, गोळ्या की इंजेक्शन? बराच वेळ बुटाच्या लेसशी खेळत बसला. मग म्हणाला, दोन्ही. आठ आठवडे टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, सोबत स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडच्या गोळ्या, घरी कुणाला पत्ता नाही.

मी समुपदेशक, डॉक्टर नाही, औषधं मी सांगत नाही, पण एवढं समजावलं की लिव्हरमधलं हेपॅटिक लायपेज नावाचं एन्झाइम स्टेरॉइडने चेकाळतं आणि एचडीएल भराभर मोडून टाकतं, त्यात तू काय जेवतोस याचा फारसा संबंधच नाही. गोळ्यांचा लिव्हरवर जोर जास्त. 1989 साली वेटलिफ्टर्सवर एक छोटा अभ्यास झाला होता, त्यात सहा आठवडे रोज 6 मिलिग्रॅम स्टॅनोझोलॉलने एचडीएल 33 टक्के उतरलं, आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनने 9 टक्के. लगेच डोळे चमकले, "मग नुसतं इंजेक्शन चालेल?" (दरवेळी हेच!) मी विचारलं, तुझा डोस 200 आहे का? गप्प.

आणि प्रश्न नुसत्या कोलेस्टेरॉलचा नाही, रक्त घट्ट होतं, बीपी चढतं, हृदयाचा स्नायू जाड होतो. 2017 च्या एका अभ्यासात अनेक वर्षं स्टेरॉइड घेणाऱ्यांचं हृदय दर ठोक्याला आत भरलेल्यापैकी सरासरी 52 टक्के रक्त बाहेर टाकत होतं, न घेणाऱ्या लिफ्टर्सचं 63 टक्के. आरशात यातलं काहीच दिसत नाही.

पण खरं सांगू, हार्टची भीती त्याला दहा मिनिटंच वाटली. "बंद केलं तर परत बारीक होईन" ही भीती मात्र तासभर पुरली. कॉलेजात त्याला काडीपैलवान म्हणायचे, ते सांगताना एवढा दांडगा मुलगा एकदम खांदे पाडून बसला. पुढची सगळी सेशन्स याच्यावरच गेली.

डॉक्टरकडे काय काय आणि किती घेतलं ते खरं सांगायचं, हे आधी ठरवलं, चिठ्ठीवर लिहूनच दिलं कारण तिथे जीभ अडखळते. त्यांनी ईसीजी, इको, लिव्हरच्या टेस्ट केल्या, त्यांच्या देखरेखीत सगळं बंद झालं. बंद केल्यावर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन लगेच सुरू होत नाही, कधी कधी महिने लागतात आणि तेवढ्यात मूड पार तळाला जातो, बरेच जण तिथेच पुन्हा सुई हातात घेतात. म्हणून दर आठवड्याला बोलावलं, आणि मोठ्या भावाला तरी सांग म्हणून मागे लागले. सांगितलं शेवटी, तिसऱ्या आठवड्यात, बाइकवर मागे बसून, म्हणजे तोंड बघायला नको.

चार महिन्यांनी आला. "मॅडम, दंड दीड इंच गेला," हे आधी. एचडीएल 41 झालंय हे मी रिपोर्ट मागून घेतला तेव्हा कळलं.