विमानांची मॉडेल्स बनवायला कोणतं स्केल धरावं: १/७२, १/४८ की १/३२?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहानपण नाशिकजवळच्या ओझरला, मिग बनवणाऱ्या कारखान्याजवळ गेलं, मिग-२१ डोक्यावरून जाताना पाहत मोठे झालात, आता पुण्यात वन-बीएचकेमध्ये राहता, चाळिशीचा चष्मा लागलाय आणि भारतीय हवाई दलाची विमानं प्लॅस्टिकच्या किटमधून एकेक करून बनवायची इच्छा आहे. मग पहिल्यापासून कोणतं स्केल धरावं?

माझं उत्तर १/७२ आहे. मी स्वतः त्याच स्केलमध्ये बनवतो आणि तुम्हीही तेच धरावं असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी जे कारण बहुतेक लोक देतात (“लहान असतं म्हणून सोपं असतं”) ते चुकीचं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

१/७२ म्हणजे एका इंचात सहा फूट. सहा फूट उंचीचा वैमानिक या स्केलमध्ये बरोबर एक इंचाचा होतो. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये स्कायबर्ड्सचे लाकडी संच याच मापात आले, १९३६मध्ये फ्रॉगने पेंग्विन या नावाने प्लॅस्टिकची किट्स काढली तीही याच मापात, आणि दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कोणतं नि शत्रूचं कोणतं हे शिकवायला जी मॉडेल्स वापरली गेली त्यांनीही हेच माप पक्कं केलं. १/४८ची मुळं इंजिनिअरिंगच्या नकाशांत आहेत: एका फुटाला पाव इंच. म्हणून हे आकडे दशमान पद्धतीत वाढलेल्या आपल्याला विचित्र वाटतात. फूट-इंचात मोजलं की लगेच जुळतात.

आता डब्यावरच्या आकड्यांनी गोंधळ कसा होतो ते बघा. १/४८चं मॉडेल १/७२च्या दीडपट लांब असतं. दीडपट म्हटलं की फार वाटत नाही. पण रंगवायचा पृष्ठभाग सव्वादोन पट होतो आणि मॉडेल व्यापत असलेली जागा जवळजवळ साडेतीन पट. १/३२ला तर जागा अकरा पटींच्या वर जाते. दुकानात एक डबा हातात घेतला की हे कळत नाही, पाच-सहा मॉडेल्स तयार झाल्यावर कळतं.

तुमच्या घरात ९० सेंटिमीटर रुंद आणि फूटभर खोल असा एक कप्पा आहे असं धरू. नॅट, मिग-२१, हंटर, सुखोई-३० आणि कॅनबेरा ही पाच विमानं १/७२मध्ये पंखाला पंख लावून उभी केली तर ८१ सेंटिमीटर होतात. एका कप्प्यात सगळी बसली, वर थोडी मोकळी जागाही राहिली. हीच पाच १/४८मध्ये घेतली तर १२१ सेंटिमीटरच्या वर जातात. शिवाय खोलीचं काय? मिग-२१ दिसायला छोटं विमान, पण नाकासमोरची पिटो नळी (वेग मोजण्यासाठीची बारीक नळी) धरून ते पावणेसोळा मीटर लांब आहे. १/४८मध्ये त्याची लांबी जवळजवळ ३३ सेंटिमीटर भरते, म्हणजे फूटभर खोल कप्प्यातून नळी बाहेर डोकावणार आणि कुणाच्या तरी बाहीला अडकून तुटणार. १/७२मध्ये तेच विमान २२ सेंटिमीटरचं होतं आणि आरामात आत बसतं.

तरीही जागा हे माझ्या लेखी दुय्यम कारण आहे. खरं कारण असं की एकट्या मॉडेलला स्केलची काही गरजच नसते. १९५०च्या दशकात कितीतरी किट्स डब्याच्या मापाने काढली जात. सगळे डबे सारखे, म्हणून बॉम्बर आणि फायटर जवळजवळ सारख्याच लांबीचे! एक विमान टेबलावर ठेवायचं तर त्यानेही भागतं. स्केलला अर्थ येतो तो दुसरं विमान शेजारी आलं की. तुम्हाला एक मिग बनवून थांबायचं नाहीये, “भारतीय हवाई दलाची विमानं” बनवायची आहेत. म्हणजे तुम्हाला विमानांची तुलना हवी आहे, आणि ती ज्या स्केलमध्ये सर्वांत पूर्ण होते ते स्केल तुमचं.

नॅटचंच बघा. पंखांचा विस्तार पावणेसात मीटरपेक्षाही किंचित कमी, लांबी पावणेनऊ मीटर. १/७२मध्ये ते माझ्या तळहातावर मावतं. त्याच्या शेजारी पाकिस्तानी हवाई दलाचं सेबर ठेवा. नॅटचे पंख ९ सेंटिमीटरच्या थोडे पुढे, सेबरचे जवळजवळ १६. १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों सहा सेबरना भिडले ते या एवढ्याशा विमानातून. नॅट हवेत नजरेला सापडत नसे, हे आपण वाचलेलं असतं. पण दोन्ही विमानं एकाच स्केलमध्ये समोरून, नाकाच्या बाजूने पाहिली की ते पटतं. नॅटचा समोरून दिसणारा आकार इतका लहान आहे की लांबवर तो एक ठिपकाच असणार. मग त्याच नॅटच्या शेजारी सुखोई-३० ठेवा. १२ सेंटिमीटर आणि ३० सेंटिमीटर. दोन्ही लढाऊ विमानंच, दोन्ही एकाच हवाई दलाची. मला ही जोडी इतकी आवडते की कप्प्यात ती मी मुद्दाम शेजारी ठेवली आहे, आणि घरी येणारी लहान मुलं सगळ्यात आधी तिथेच थांबतात.

तुम्ही पुण्यात आहात म्हणून आणखी एक नाव सुचवतो: लिबरेटर. महायुद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेले हे चार इंजिनांचे बॉम्बर हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) पुन्हा उडते केले आणि १९६८पर्यंत ते आपल्या हवाई दलात होते. पुण्याचं आणि त्यांचं नातं जवळचं. पंखांचा विस्तार साडेतेहतीस मीटर. १/७२मध्ये ते साडेशेहेचाळीस सेंटिमीटर होतात, जागा खातात पण घरात मावतात. १/४८मध्ये ७० सेंटिमीटर. १/३२मध्ये मीटरभराच्या वर, म्हणजे कपाट विसरा, वेगळं टेबल करा. लिबरेटर आणि नॅट ही दोन्ही एकाच कप्प्यात आणि एकाच मापात दाखवू शकेल असं व्यवहार्य स्केल १/७२च आहे. डकोटा, कॅनबेरा यांचंही तेच.

आता तपशिलाबद्दल. १/४८वाले मित्र म्हणतात, “सेव्हन्टी-टूमध्ये काही दिसतच नाही.” यावर मी एक साधा हिशोब करतो. कपाटातलं मॉडेल आपण साधारण ६० सेंटिमीटरवरून पाहतो. १/७२मध्ये ते खरं विमान ४३ मीटरवरून पाहण्यासारखं आहे, १/४८मध्ये २९ मीटरवरून. ४३ मीटरवर उभं राहून मिगच्या अंगावरचे रिव्हेट मोजता येत नाहीत. दिसतो तो बांधा, रंग, खालचा काळपटपणा, चाकांवर झुकलेला तोल. म्हणून या स्केलमध्ये आकार आणि रंग बरोबर आला की विमान जिवंत वाटतं. पॅनेलच्या रेषा, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या खाचा, उलट हलक्याच हव्यात. एक दशांश मिलिमीटरची रेषा म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटरची फट, आणि तिच्यात काळा वॉश (अगदी पातळ केलेला रंग) भरला की विमान फरशीसारखं चौकोनी-चौकोनी दिसायला लागतं.

पण एका गोष्टीत १/७२ कष्ट मागतं, आणि ती म्हणजे कडा. पंखाची मागची कड किटमध्ये अर्धा मिलिमीटर जाड असेल तर ती खऱ्या विमानावर साडेतीन सेंटिमीटरहून जाड झाली. खऱ्या पंखाची ती कड पात्यासारखी असते. यावर उपाय सोपा आहे, पण तो चिकटवण्याआधी करावा लागतो. पंखाचे वरचे-खालचे दोन्ही भाग स्प्रूवरून (भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून) कापायचे, सपाट काचेवर २४० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने ओला करून ठेवायचा आणि पंखाची आतली बाजू मागच्या कडेशी हळूहळू घासायची. बाहेरच्या बाजूला हात लावायचा नाही, नाहीतर रेषा जातात. प्लॅस्टिक उजेडासमोर धरलं की कडेला पातळ, उजळ पट्टी दिसायला लागते. ती दिसली की थांबायचं आणि मग चिकटवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि मॉडेल खेळण्यासारखं दिसणार की विमानासारखं, हे बऱ्याच अंशी इथेच ठरतं.

१/४८ कुणी घ्यावं, तेही प्रामाणिकपणे सांगतो. ज्याचा जीव कॉकपिटमध्ये रमतो त्याने. मिगच्या कॉकपिटमधली ८ सेंटिमीटरची एक तबकडी १/७२मध्ये जेमतेम एक मिलिमीटरची होते. तिथे डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) लावून पुढे जावं लागतं. १/४८मध्ये ती पावणेदोन मिलिमीटर होते, आणि एवढ्याशा फरकात बारीक ब्रशला काम करायला जागा मिळते: तबकडीची कड, एखादा लाल खटका, सीटचे पट्टे. तो निळसर-हिरवा रशियन कॉकपिट नीट रंगवलेला पाहिला की माझाही हात शिवशिवतो. शिवाय सुटे भाग चिमट्यात धरायला १/४८ सोपंच. “लहान म्हणजे सोपं” हे चुकीचं म्हणतो ते यासाठी: लहान स्केलमध्ये रंगवायचं क्षेत्र कमी असतं, पण भाग इतके बारीक असतात की चिमट्यातून उडाले की फरशीवर शोधत बसावं लागतं. चाळिशीचा चष्मा असेल तर डोक्याला लावायचं भिंग घ्या. त्यावर केलेला खर्च दोन्ही स्केल्सना उपयोगी पडतो आणि डोळ्यांतला फरक जवळजवळ मिटतो. तरीही बारीक भागांनी डोकं दुखत असेल तर बिनदिक्कत १/४८कडे जा, फक्त मग विमानं निवडून घ्या. मिग, नॅट, हंटर, मिराज एवढ्यांवर एक सुरेख संग्रह होतो.

१/३२बद्दल फार लिहीत नाही. एखाद्याच विमानावर प्रेम असेल आणि त्याचं इंजिन, दारं, आतल्या नळ्या सगळं उघडं करून दाखवायचं असेल तर त्यासारखं स्केल नाही. मिग-२१चं ट्रम्पीटरचं १/३२ किट आहे, पण पहिलंच किट म्हणून घेऊ नका.

वाहतुकीच्या आणि प्रवासी विमानांना १/१४४ वेगळं ठेवा. १/७२च्या ते बरोबर निम्मं, त्यामुळे नजरेला हिशोब लागतो. सी-१७ या स्केलमध्ये साधारण ३७ सेंटिमीटर लांब आहे, १/७२मध्ये तेच ७४ झालं असतं. एअर इंडियाचं ७४७ करायची हौस आली तरी हेच स्केल. बाजारात प्रवासी विमानांची १/२०० आणि १/४००ची तयार धातूची मॉडेल्स दिसतील, ती या संग्रहात मिसळू नका.

स्केल ठरलं तरी किट घेताना डब्यावर नुसतं “मिग-२१” वाचून उचलू नका, कारण आपल्याकडची मिग ही एकच मिग नव्हती. आधी एफएल, म्हणजे टाइप ७७. मग एम, म्हणजे टाइप ९६. मग बिस, म्हणजे टाइप ७५. आणि बिसमधूनच पुढे बायसन. एफएलच्या पाठीवरचा कणा सडपातळ आहे, बिसचा जाडजूड. ओझरच्या आठवणीसाठी बनवणार आणि कणा चुकीचा निघाला तर तुम्हाला ते रोज टोचेल. नॅटचंही तसंच. एअरफिक्सचं नॅट १/७२ आणि १/४८ दोन्हींत मिळतं, पण ते दोन सीटांचं ब्रिटिश ट्रेनर आहे. आपलं लढाऊ नॅट एका सीटचं. त्यासाठी स्पेशल हॉबीचं १/७२ किट शोधा.

मिगच्या बाबतीत एक चांगली सोय अशी की एडुआर्डने मिग-२१ची किट्स १/१४४, १/७२ आणि १/४८ अशा तिन्ही स्केल्समध्ये काढली आहेत. स्केलचा फरक कळायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. ओळखीत कुणाकडे १/७२ आणि १/४८ची तयार मॉडेल्स असतील तर दोन्ही हातात घेऊन बघा. तरी एडुआर्डच्या किटमध्ये बारीक भाग पुष्कळ असतात, म्हणून पहिल्या वेळेला झ्वेझ्दाचं १/७२ मिग-२१बिस घ्या. जोडणी सरळ आहे, आणि बिस ओझरलाही तयार झालं, त्यामुळे तुमच्या आठवणीशी ते थेट जुळतं. भारतीय खुणांची डिकॅल वेगळी मागवावी लागतील, ती १/७२मध्ये मिळतात. नाकाची पिटो नळी किटमधली न लावता मास्टर या पोलिश कंपनीची पितळी नळी लावा. प्लॅस्टिकची तुटते आणि जाडही दिसते. ती अगदी शेवटी, डिकॅल आणि वार्निश झाल्यावर बसवा.

वार्निशचं काम मात्र जून ते सप्टेंबर जरा जपून करा. हवेत दमटपणा असला की वार्निशचा पारदर्शक थर दुधाळ होतो, आणि छोट्या मॉडेलवर तो डाग लपवायला जागाच नसते. पावसाळ्यात जोडणी, पुट्टी, घासकाम उरकून घ्या, रंग आणि वार्निश दसऱ्यानंतर. कपाट करायला टाकणार असाल तर सुताराला कप्प्यांची खोली ३५ सेंटिमीटर सांगा. सुखोई सरळ उभी राहते, आणि पुढे लिबरेटर आणलंत तर तेही पंख आडवे करून त्यात मावेल.