गर्वाचं हरण होतं, माज उतरतो, रग जिरते

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका तरुण लेखिकेनं प्रश्न पाठवला आहे. त्या कुमारवयीन वाचकांसाठी अद्भुतकथेची कादंबरी लिहीत आहेत. नायक सोळा वर्षांचा, मंत्रविद्या शिकणारा. गुरूंनी मना केलेला मंत्र तो केवळ चारचौघांत आपली करामत दिसावी म्हणून उच्चारतो आणि त्यातून जे बाहेर पडतं ते पुढं त्याचीच पाठ धरतं. पहिल्या खर्ड्यात त्यांनी लिहिलं, ‘त्याला आपल्या विद्येचा अभिमान होता.’ आजी म्हणाली, “मग त्यात पोराचं चुकलं काय?” त्यांनी ‘गर्व’ केलं, तर धाकट्या भावाला गर्व ही चांगली गोष्ट वाटली; शुभेच्छांच्या फलकांवर तो रोजच ‘आम्हाला गर्व आहे’ वाचतो. मग शब्द कोणता घ्यावा?

माझं मत आजीच्या बाजूनं आहे. मराठीत आज अभिमान वाटावा असाच असतो: भाषेचा, गावाचा, लेकीच्या यशाचा. तो पूर्वी इतका सोज्ज्वळ नव्हता. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी येते, ‘दम्भो दर्पोऽभिमानश्च’, तिथं अभिमान दंभाच्या आणि दर्पाच्या पंगतीला बसला आहे. पुढं स्वाभिमान, देशाभिमान अशा समासांत राहून तो मराठीत सुधारला. इतका, की वाईट अर्थासाठी आपल्याला ‘दुरभिमान’ म्हणावं लागतं. हिंदीत नेमकं उलट झालं. तिथं गर्व मिरवावा असा आणि अभिमान बहुधा टाकावा असा. भावाच्या वाचनातला ‘गर्व’ त्या वाटेनं आला आहे. मराठीची स्वतःची समजूत ‘गर्वाचे घर खाली’ या म्हणीत पक्की आहे आणि ती सोडू नये असं मला मनापासून वाटतं. (यादीतल्या दर्पाचं काय झालं तेही बघा. मराठीत तो आता घामाचा नाहीतर अत्तराचा येतो. तुमच्या मांत्रिकाच्या खोलीत शिरताना हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरता येईल.)

पण तुमचा प्रश्न एका शब्दानं सुटणार नाही. तुमची कथा गर्वापेक्षाही त्याच्या परिणामाची आहे आणि मराठीत तो परिणाम क्रियापदात असतो. म्हणून नामाआधी क्रियापद ठरवा. पोराचं शेवटी काय होणार, ते एकदा ठरलं की शब्द आपोआप सापडेल.

गर्वाचं हरण होतं. म्हणजे हरण करणारा दुसरा कुणीतरी लागतो, आणि तो मोठा असतो. भीमाला हनुमंताचं शेपूट हलवता येत नाही, ते गर्वहरण. आपल्याकडची सिद्धी मिळवलेल्या माणसाची जुनी ओळखीची कथाही हीच आहे. तापीकाठचा चांगदेव, योगबळानं चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन आळंदीला निघतो आणि समोरून ती चार पोरं भिंतच चालवत येतात. त्याआधी त्यानं कोरं पत्र धाडलेलं असतं, कारण वयानं लहान पण अधिकारानं मोठ्या ज्ञानदेवांना मायना काय लिहावा हेच त्याला सुचत नाही. इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताई म्हणाल्याचं सांगतात. त्या पत्राचं उत्तर म्हणजे पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’. सिद्धी आहेत आणि शब्द नाही, ही त्याची अवस्था कुमारांच्या कादंबरीत आजही तितकीच बोलकी ठरेल.

माज मात्र चढतो आणि उतरतो. हा शब्द संस्कृत ‘मद्’ धातूचा. ‘माद्यति’चं प्राकृतात ‘मज्जइ’ झालं आणि त्यातून आपलं ‘माजणं’. म्हणून म्हैस माजावर येते, उसात तण माजतं, सत्तेनं माणूस माजतो. त्यात नशा आहे, ताबा सुटणं आहे. तुमच्या नायकाला पुढं क्षमा मिळायची असेल तर हा शब्द निवेदकाच्या तोंडी घालू नका. त्याच्यावर जळणाऱ्या एखाद्या सोबत्याला द्या. ‘माज आलाय त्याला’ हा निवाडा आहे. एकदा दिला की वाचक मागं फिरत नाही.

आणि मग आपली रग. तुम्ही कोल्हापूरच्या असून हा शब्द विसरलात याचं मला आश्चर्य वाटलं. तालमीत वस्ताद नव्या पोराकडं बघून “पोरात रग हाय” म्हणतो तेव्हा ती शाबासकी असते. रग नसलेल्या पोराला खासबागेच्या मातीत उतरवून उपयोग काय? तोच पोरगा उगाच अंगावर येऊ लागला की “याची रग जिरवाय पायजे” हेही तोच वस्ताद म्हणतो. शब्द एकच, कौतुकाचा आणि तक्रारीचा. शिवाय जिरणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. पाणी जमिनीत जिरतं, अन्न अंगात जिरतं. रग जिरलेल्या माणसाची ताकद जात नाही, ती आत मुरते. तुमच्या नायकाला अखेरीस आपल्याच हातून सुटलेल्या त्या सावटाला सामोरं जायचं आहे, म्हणजे बळ शाबूत हवं. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या प्रकरणात गुरूंच्या तोंडी ‘रग’ घातला असता, तोही कौतुकानं.

एक फरक आणखी जपा: मान आणि गर्व. कोल्हासुरावरच्या विजयाच्या सोहळ्यात त्र्यंबोलीला, म्हणजे आपल्या टेंबलाईला, बोलावणं राहिलं, ती रुसून टेकडीवर पाठ फिरवून बसली आणि अंबाबाईला स्वतः तिच्या भेटीला जावं लागलं. ललिता पंचमीला पालखी अजून टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कोहळा फुटतो. टेंबलाईला कुणी गर्विष्ठ म्हणत नाही. तिला मान द्यायचा राहून गेला होता. तुमचा नायक मंत्र म्हणतो त्याआधी त्याचा कुणी अपमान केला असेल, तर तो प्रसंग ‘मान’ या शब्दाभोवती लिहा. चूक त्याचीच राहील, पण ती का झाली हे वाचणाऱ्या पोरापोरींना उमगेल.

मग तुमचं ते पहिलं वाक्य असं होईल: ‘त्याच्या अंगात विद्येची रग होती.’ आजीला वाचून दाखवा. ‘अहंकार’ मात्र शक्यतो टाळा. तो सांख्य दर्शनाच्या तत्त्वांतला भारदस्त शब्द आहे, आणि सोळा वर्षांच्या पोराच्या गोष्टीत आला की प्रवचन सुरू झाल्यासारखं वाटतं.